रेडिएटर तापला

"गाडी कुठाय, शेठ?"

"कसली गाडी?"

"रेडिएटर लीक आहे म्हणालात ना फोनवर?"

"हो, आहे ना. आत. अम्मीच्या खोलीत."

जमाल कूलंटचा डबा हातात धरून तसाच उभा राहिला. खोलीत रेडिएटर! शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात रेडिएटरांना डाग देण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. ट्रकचे, बसचे, जेसीबीचे, नाना तऱ्हेचे रेडिएटर त्यानं मांडीवर घेऊन बरे केले होते. पण कोणाच्या अम्मीच्या खोलीत रेडिएटर असतो, हे त्यानं बापजन्मी ऐकलं नव्हतं.

चूक म्हणावी तर कोणाचीच नाही. यहयाशेठ कोकणातले, टाइल्सचा धंदा. रास अल खैमाच्या डोंगरात त्यांनी हा बंगला एका तुर्की माणसाकडून घेतला. हिवाळ्यात इथं वरती दात वाजतात, म्हणून त्या तुर्कानं घरभर गरम पाण्याचे पाइप फिरवले होते, मागं बॉयलर बसवला होता आणि खोलीखोलीत लोखंडी रेडिएटर टांगले होते. त्यातला एक गळायला लागला. शेठनी ओळखीच्या गॅरेजला फोन केला, 'रेडिएटरवाला पाठवा.' गॅरेजनं रेडिएटरवाला पाठवला. आता बोला!

"एसीवाले येऊन गेले," शेठ कपाळावर हात मारत म्हणाले. "म्हणतात, आमचं काम गार करायचं, गरम करायचं नाही. आता तूही तेच म्हणणार. जा बाबा, यल्ला. तुझा फुकट फेरा झाला."

जमालनं जायला हवं होतं. पण न बघितलेली वस्तू समोर आली की त्याचे हात शिवशिवायचे. आणि शारजाला परत जाऊन करायचं तरी काय होतं? हल्लीच्या गाड्यांचे रेडिएटर प्लॅस्टिकचे. फुटला की फेका, नवा घाला. मालकानं गेल्याच आठवड्यात चहा पाजून सांगितलं होतं, "जमालभाय, ये महिना आखरी. उसके बाद खलास." व्हिसाही त्याच्याबरोबर खलास.

ही गोष्ट अजून हर्णैला बायकोला, मरियमबीला सांगायची होती. रोज सकाळी फोन व्हायचा, हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, आणि नेमकी तीच गोष्ट राहून जायची. सांगणार काय? ज्या कामापायी तुला जन्मभर एकटं ठेवलं, त्या कामाला आता कुत्रं विचारत नाही, असं?

"बघून तरी घेतो, शेठ," तो म्हणाला.

खोलीत शेठच्या अम्मी, हाफिजाबी, दोन स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला लोकरीची टोपी अशा जामानिम्यात खुर्चीत बसल्या होत्या. खिडकीखाली पांढरा, पन्हळीसारखा रेडिएटर होता. तळाला गंजलेला. खाली घमेलं ठेवलेलं, त्यात टप टप चाललं होतं. शेठनी आणून ठेवलेला नवा रेडिएटर भिंतीला टेकून खोक्यातच होता.

"तू कुठला रे?" म्हातारीनं विचारलं.

"हर्णैचा जमाल, खाला."

"अगो बाई! मी दाभोळची. पण लग्न झालं आणि मालकाबरोबर विलायतेला गेले. मिलमध्ये होते ते. सगळा जन्म तिकडच्या थंडीत काढला, पण घरात कधी कुडकुडले नाही. आणि आता या वाळवंटात कुडकुडतेय. आहे की नाही गंमत?"

जमालनं रेडिएटरभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून बघितलं, बोटानं टकटक केलं. "खाला, हा आपल्याकडच्यापेक्षा उलटाच. आमचा रेडिएटर इंजिनाची गरमी बाहेर टाकतो."

"हाही बॉयलरची गरमी बाहेर टाकतो. फक्त तुमचं बाहेर म्हणजे रस्ता, आमचं बाहेर म्हणजे मी."

जमाल खो खो हसला. हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आजवर जी गरमी तो वाऱ्यावर सोडत आला, तिच्यासाठी इथं एक म्हातारी वाट बघत बसली होती.

मग तो कामाला लागला. शेठना सांगून बॉयलर बंद करवला. पाणी निवू दिलं. दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह आवळले, नट सैल केले, तसं काळंकुट्ट पाणी भळाभळा घमेल्यात आलं. जुना उतरवताना पाठीत कळ आली, तेव्हा मध्येच 'या अल्ला' करून घेतलं. नवा टांगला, आट्यांना टेप गुंडाळली, नट बसवले, वॉल्व्ह उघडले. शेठनी बॉयलरमध्ये पाणी भरून तो चालू केला. पाइप कुरकुरले. रेडिएटर खालून कोमट झाला आणि तिथंच अडला. वरचा अर्धा भाग थंडगार.

हाफिजाबींनी हात लावला आणि तो परत शालीत घेतला. जमालचा जीव खट्टू झाला. झालं! म्हणजे इथंही आपली डाळ शिजत नाही.

त्यानं पुन्हा वरखाली हात फिरवला. खाली गरम, वर गार. अरे, हे तर ओळखीचं दुखणं! "हवा धरलीय यानं," तो ओरडला. "गाडीत असं झालं की आम्ही टोपण उघडतो. पण याला टोपणच नाही. हवा निघणार कुठून?"

"अरे, आधी विचारायचं नाहीस का?" म्हातारीनं शेजारच्या पलंगावरच्या उशीखालची पर्स ओढली आणि चाचपून एक इवलीशी पितळी चावी काढली. "मालक गेले, तिकडचं घर विकलं. सगळ्या कुलपांच्या चाव्या देऊन टाकल्या. ही तेवढी चोरली."

"घर विकून चावी चोरली?"

"दर हिवाळ्यात मालक हिनं हवा काढायचे. ही कशी देऊ? बघ, त्या कोपऱ्यात चौकोनी खुंटी आहे. हळू फिरव."

चावी बरोबर बसली. सूंऽऽ करून हवा सुटली. दोघंही कान देऊन ऐकत राहिले.

"पाणी थुंकलं की बंद कर," म्हातारी म्हणाली.

पाणी थुंकलं. जमालनं बंद केलं. ऊब हळूहळू वर चढू लागली. हाफिजाबींनी दोन्ही तळवे टेकवले आणि लहान पोरीसारख्या ओरडल्या, "तापला! तापला रे, जमाल!"

जमाल दचकलाच. 'तापला' म्हणत लोक आजवर त्याच्याकडे यायचे ते रडकं तोंड करून, घामाघूम, रस्त्यात गाडी सोडून. हसत हसत हा शब्द उच्चारणारं माणूस तो पहिल्यांदाच बघत होता. त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"पुन्हा हवा धरली तर येशील ना?"

"नाही खाला. महिनाअखेर गावी चाललो. कायमचा. काम संपलं इथलं." बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की हे आपण पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं.

"घरी सांगितलंस?"

"अजून नाही."

म्हातारीनं डोळे वटारले. "माझ्या मालकाची मिल बंद झाली, ते मला शेजारणीनं सांगितलं. तोवर हा माणूस रोज डबा घेऊन बागेत जाऊन बसायचा. आज तो नाही, पण माझा राग आहे अजून. जा, आधी फोन कर."

एवढं बोलून त्यांनी खुर्ची मागं सरकवली, पाठ रेडिएटरला लावली आणि डोळे मिटून घेतले.

बाहेर ऊन उतरलं होतं आणि डोंगरावरून बोचरा वारा सुटला होता. जमालनं पिकअपशी उभं राहून फोन लावला.

"आज एक रेडिएटर तापवला," तो म्हणाला.

"तापवला? म्हणजे बिघडवला होय?" मरियमबी घाबरली.

"नाही गं. घरातला होता. माणसं गरम ठेवायचा."

"ऐकावं ते नवलच! मग त्याचं इंजिन कुठं असतं?"

जमाल हसला. त्यानं तिला बॉयलर सांगितला, पाइप सांगितले, म्हातारीची चावी सांगितली. ती हं हं करत राहिली. मग त्यानं ते सांगितलं. महिनाअखेर. खलास.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मरियम?"

"आहे मी. आता तिकडं कोणाचं काय तापायचं ते तापू दे. तुम्ही या."

त्यानं गाडी सुरू केली. सवयीनं नजर आधी तापमानाच्या काट्याकडे गेली. काटा हळूहळू चढला आणि जिथं थांबायला हवा तिथं थांबला. मग जमालनं नाक पुसलं आणि गियर टाकला.