जमुनाची लोकर

"सोडवलं," धर्मा म्हणाला. "पार गुतलं व्हतं."

जमुना गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आली होती, ती दारातच थांबली. तिचा नवरा फरशीवर पाय पसरून बसला होता. त्याच्या पायांवर, मांडीवर, पलंगाखाली सगळीकडे पिवळी-पांढरी लोकर पसरली होती. सकाळपर्यंत ते ब्लँकेट होतं. मुलगी अर्पिता पहिल्यांदाच पोटुशी होती, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, आणि जमुना गेले दोन महिने तिच्या बाळासाठी ते विणत होती. आता धर्माच्या हातात एक कोपरा तेवढा उरला होता, आणि टोक ओढत तोही तो शांतपणे उसवत होता.

जमुनाने कपडे खाली टाकले आणि त्याच्या थोबाडीत मारली.

उभ्या संसारात तिने त्याच्यावर हात उचलला नव्हता. धर्मा गालावर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. मग भिंतीला चिकटून अंग चोरत म्हणाला, "आये, मारू नको ना. परत नाय करनार."

ती खाली बसून लोकर गोळा करायला लागली.

सारसोळ्याच्या कोळीवाड्यात धर्माची स्वतःची होडी होती. खाडीत मासा मिळेनासा झाला तेव्हा ती विकली गेली, त्यालाही बराच काळ लोटला. जमुनाने नेरूळच्या सोसायट्यांमधून डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकली, गुडघे गेले तेव्हा थांबली. नुसतं बसायची सवय नव्हती. तेव्हा वरच्या खोलीत प्रेमला नावाची भाडेकरू होती, नर्स. ड्यूटीवरून आली की ती जिन्यात बसून क्रोशाने विणायची. तिने जमुनाच्या हातात सुई दिली, साखळी टाका शिकवला, मग खांब, मग चौकोन. पहिला चौकोन वाकडातिकडा झाला. दुसऱ्या दिवशी उठून जमुना आधी तो बघायला गेली. मासळी संध्याकाळपर्यंत खपली नाही तर नासते. हे नासत नव्हतं. कोणी ते खात नव्हतं, कोणी त्याचा भाव करत नव्हतं. टीव्हीवरचं कव्हर झालं, दाराचं तोरण झालं, सुनेची शाल, लेकाचं ब्लँकेट. घरातली माणसं हसायची, पण शेजारणी हात लावून बघायच्या. जमुनाला ते फार आवडायचं.

धर्मा आधी नावं विसरला. मग जेवलो की नाही ते विसरला. मग घरातून निघून जायला लागला. विकलेली होडी त्याला सोडायची असायची. एकदा तो पाम बीच रोडच्या मधोमध सापडला, दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या आणि हा लुंगी वर खोचून पाण्यात उतरावं तसा उभा. त्यानंतर हितेशने, त्यांच्या मुलाने, दाराला लोखंडी जाळी बसवली. कुलपाची चावी जमुनाच्या गळ्यात आली. हितेश रबाळ्याच्या कंपनीत, सून नमिता तुर्भ्याला लॅबमध्ये. दिवसभर घरात ही दोघंच. धर्मा जाळी हलवायचा, ओरडायचा, कधी कपाळ आपटायचा.

पण ब्लँकेट उसवलं त्या दिवशी तो दुपारभर जागचा उठला नव्हता. संध्याकाळी जमुनाच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तो जाळीकडे गेला तसं तिने टीव्हीवरचं कव्हर आणून त्याच्यापुढे ठेवलं.

"अवो, ह्ये गुतलंय बगा."

तो बसला. बोटांनी टोक शोधलं, आणि त्याचा चेहरा इतका निवांत झाला की जमुनाला क्षणभर जुना धर्मा दिसला, होडीच्या कडेवर बसून गुंतलेलं जाळं सोडवणारा.

तेव्हापासून रोज काहीतरी जात राहिलं. तोरण गेलं. पलंगपोस गेला. नुसती लोकर दिली तर तो फेकून द्यायचा, "ही तर सुतली हाय," म्हणायचा. विणलेलंच लागायचं. मग जमुना तीच कुरळी झालेली लोकर गुंडाळून पुन्हा विणायची आणि तो पुन्हा सोडवायचा. आधी ती विणताना नमुना ठरवायची, रंग लावून बघायची. आता नुसते ओळीवर ओळ खांब. मासळी कापावी तसं झालं होतं ते. अंगठा सुजला, वाकेना झाला.

एकदा कपाटातून शाल काढताना नमिताने तिचा हात धरला.

"आई, ही पण देताय?"

"तुला दुसरी करीन."

"मला शालीचं नाही हो. तुमचं काय राहिलं यात?"

जमुनाने हात सोडवून घेतला.

हितेश रविवारी जेवताना म्हणाला, "आये, पनवेलला एक जागा हाय. म्हाताऱ्या मान्सांना ठेवतात. मी बगून आलो."

"बांधून ठेवतान तिथं."

"आन् आपन काय करतो? लॉकच लावतो ना?"

"आपल्या घरात हाय तो," जमुना म्हणाली. विषय संपला.

अर्पिताची ओटी भरायचा दिवस ठरला. जमुनाने नवी लोकर आणवली आणि बाळाचं ब्लँकेट पुन्हा विणायला घातलं. धर्मा झोपला की विणायचं, तो उठायच्या आत तांदळाच्या डब्यात लपवायचं. या एका कामात तिला पहिल्यासारखं वाटायचं. शेवटी फक्त काठ राहिला.

अमावास्येची भरती होती. अशा दिवशी धर्माला आतून कुठूनतरी कळायचं. हितेश, नमिता कामावर गेले आणि तो होडी सोडायला म्हणून जाळीला भिडला.

"पानी आलं. होरी सोराची हाय. सोर ना गो बाय."

घरात उसवायला काही उरलं नव्हतं. हितेशचं ब्लँकेट आदल्या दिवशीच संपलं होतं आणि नवं काही विणून झालं नव्हतं. जमुनाने बाजारातला जुना स्वेटर दिला, त्याने तो ओढून बघितला आणि टाकला. मग कपाळ जाळीवर. एकदा, पुन्हा. भुवईवर रक्त आलं. तिने हळद चेपली, चहा दिला, तो त्याने कपासकट भिंतीवर फेकला. शेजारची बाई डोकावली आणि, "काय गं त्रास तुला," म्हणून निघून गेली.

जमुना खाटेवर बसली आणि तिने डब्यातून ब्लँकेट काढलं. का काढलं ते तिलाही सांगता आलं नसतं. जगात दुसरीकडे कुठे बघायला जागाच नव्हती. सुजल्या अंगठ्याने तिने सुई धरली.

धर्माने ते पाहिलं. तो आला आणि त्याने ब्लँकेटचं टोक पकडलं.

"ह्ये नाय," जमुना म्हणाली. "ह्ये बालाचं हाय. सोरा."

तो ओढायला लागला. तिनेही ओढलं. म्हाताऱ्याच्या अंगात अजून वल्ही मारणाऱ्याची ताकद होती. तिने त्याला दोन्ही हातांनी ढकललं, तो भिंतीवर आदळला, उठला आणि पुन्हा जाळीकडे गेला. पुन्हा कपाळ. पुन्हा.

जमुना उठली. गळ्यातली चावी काढली, कुलूप उघडलं, जाळी सताड लोटली.

"जा," ती म्हणाली.

धर्मा उंबरठ्यावर घुटमळला. मग गेला.

ती परत येऊन बसली आणि विणायला लागली. घर शांत झालं. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. इतकी शांतता या घरात असते हेच ती विसरली होती. मान मोकळी झाल्यासारखी वाटली. होवदे जे व्हायचं ते, तिच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. भरती हाय. तिने एक खांब घातला, त्याच्या शेजारी दुसरा. काठ सरकत होता. कोपरा आला. कोपऱ्यावर वळायचं म्हणून तिने काम फिरवलं, तेव्हा नजर दारात गेली.

त्याच्या चपला तिथेच होत्या.

अनवाणी गेला. जेट्टीखाली दगडांना कालवांचे शिंपले चिकटलेले असतात, सुरीच्या पात्यासारखे. पाय कापतील, असं काहीतरी तिला वाटलं आणि ती उठून पळत सुटली. पाय कापतील म्हणूनच पळाली. बाकीचं तिला रस्त्यात सुचलं, आणि मग तिच्या तोंडून आवाज निघायला लागला. विणताना खांद्यावर टाकलेलं ब्लँकेट तसंच राहिलं होतं.

जेट्टीवर कॅमेरे घेतलेली चार माणसं फ्लेमिंगोंचे फोटो काढत होती. पलीकडे तिवरांच्या कडेला, चिखलात, कमरेपर्यंत रुतून धर्मा उभा होता. पाणी चढत होतं. ज्योतिबा, त्याच्या होडीवरचा जुना साथीदार, दगडांवर उतरून हाका मारत होता.

"धर्मा! आरं हात दे! मी हाय, ज्योतिबा!"

धर्मा त्याच्याकडे बघतही नव्हता. दोर फेकला तो त्याच्या खांद्यावरून घसरून पाण्यात गेला. जवळ गेलेल्या एका माणसाला त्याने ढकलून दिलं.

जमुना दगडांवरून चिखलात उतरली. मांड्यांपर्यंत रुतली, पुढे सरकता येईना. ज्योतिबाने मागून तिची साडी धरली. तिने खांद्यावरचं ब्लँकेट काढलं, एक टोक मुठीत ठेवलं आणि बाकीचं त्याच्याकडे फेकलं.

"अवो! ह्ये घ्या! धरा!"

ते चिखलावर पडलं. धर्माने खाली बघितलं. वाकून दोन्ही हातांनी विणीत बोटं घातली आणि घट्ट मूठ केली. तिने ओढलं. ज्योतिबाने तिला ओढलं, फोटोवाल्यांतले दोघं धावत खाली आले. ब्लँकेट ताणत गेलं, लांब, दोरखंडासारखं. मधे कुठेतरी वीण तटकन तुटली, पण पुरतं तुटलं नाही. धर्माने सोडलं नाही. चिखलाने त्याचा एक पाय सोडला, मग दुसरा. दगडांवर आला तेव्हा तो हसत होता.

"पान्यात मावरं लय हाय आज," तो ज्योतिबाला म्हणाला.

ज्योतिबाने तोंड फिरवलं. मग त्याने चिखलाने जड झालेला तो गोळा उचलून धरला. "जमने, ह्याचं काय करू?"

"ठेव तिथंच."

"आन् हा सुटला कसा? दाराला जाली व्हती ना?"

जमुना धर्माचा हात धरून चालायला लागली.

घरी तिने त्याला मोरीत पाटावर बसवलं आणि गरम पाणी ओतलं. चिखल काळा, चिकट, बोटांच्या बेचक्यांतून निघता निघत नव्हता. तळपायाला कालवांनी कापलं होतं. ती एकेक चीर धुवत होती, आणि तो पाय मागे न घेता तिच्या डोक्याकडे बघत होता.

फोन वाजला. हितेश होता.

"आये, सगलं ठीक?"

तिने ओला हात पदराला पुसला. "ठीक हाय." मग म्हणाली, "हितेश, ती पनवेलची जागा. रविवारी आपन जाऊ बगायला."

"बरं," तो म्हणाला.

तिने धर्माचं अंग पुसलं, कपाळाला औषध लावलं, धुतलेला पांढरा सदरा घातला. खुर्चीत बसवून केसांना तेल लावलं आणि भांग पाडायला घेतला. तो सदऱ्यावरून हात फिरवत होता, बटणं बघत होता. त्याला काहीतरी सुचल्यासारखं झालं.

"कोनाच्या लग्नाला जायाचं हाय?" त्याने विचारलं.

जमुनाने भांग मोडला आणि पुन्हा पाडायला घेतला, हळू, अगदी सरळ.

"बसा नीट," ती म्हणाली. "हलू नका."