कुलपाआडची झारी

मित्रांनो, मला पाहून तुमच्यातला एखादा म्हणेल, "हा तर गंजका डबा!" म्हणू द्या. मुळात डबाच होते मी. पण आज मी एक जुनी झारी आहे, गळ्यापर्यंत मातीत पुरलेली. हलता येत नाही, त्यामुळे माझी हकिगत सांगायला मला सवडच सवड आहे.

सुरतेत नवागामला सरलाबाईंची खाणावळ होती. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे खानदेशातले लोक तिथे दोन वेळ जेवायला येत. त्या खाणावळीत मी शेंगदाणा तेलाचा चौकोनी डबा म्हणून आले. तेल संपले, मग काही दिवस माझ्यात कोळसा भरला, आणि शेवटी मला मागच्या दारी टाकून दिले. तिथे फुटक्या बरण्या आणि गळक्या घागरी पडलेल्या असत. त्यांच्या पंगतीला बसायची वेळ आली तेव्हा मला फार अपमान वाटला. स्वभावच तसा माझा, काय करणार?

त्या सुमाराला, म्हणजे सुरतेत प्लेगची ती मोठी साथ येऊन गेल्यावर दोन-तीन वर्षांनी, शहरात सफाईचे वारे वाहत होते. जवळच्या मराठी शाळेतल्या मुलांनीही 'हिरवळ मंडळ' काढले. पाचवीतली गायत्री मंडळाची प्रमुख होती. मुलगी हुशार, कामाला वाघ, पण सगळ्या गोष्टी आपल्याच मुठीत ठेवायची सवय. दर शनिवारी प्रत्येकाने घरातली एक टाकाऊ वस्तू आणायची, असा तिने नियम केला. लूमवरच्या सुताचे कागदी कोन आले. त्यांत माती भरून मुलांनी भरताच्या वांग्याचे बी पेरले, खास गावाहून आणलेले. भाजीचा पाला खताच्या खड्ड्यात जाऊ लागला. आणि एका शनिवारी सरलाबाईंच्या मागच्या दारातून माझी उचलबांगडी झाली.

पत्र्याचे काम करणाऱ्या एका काकांनी मला डाख देऊन तिरकी तोटी जोडून दिली. तोटीच्या तोंडाला एक झाकण बसवले, त्याला मुलांनी खिळ्याने भोके पाडली. धरायला लूमवरचा एक मोडका धोटा आडवा बसवला. गुळगुळीत लाकूड, हजारो वेळा सुतातून इकडून तिकडे पळालेले. माझ्यातून पहिल्यांदा पाण्याच्या बारीक धारा पडल्या तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी जी फुगले ती फुगलेच. माझ्यावाचून या बागेचे पान हलणार नाही, असे मला मनापासून वाटू लागले.

बाग म्हणजे शाळेच्या भिंतीलगतची चिंचोळी पट्टी. हेडसरांना तिथे सायकल-स्टँड करायचे होते. मुलांनी हट्ट धरला तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडेल तेव्हा इथे हिरवे दिसले, तर जागा तुमची. वाळलेल्या काड्या दिसल्या, तर सायकली." एवढ्या एका बोलावर मंडळ जगणार की मरणार, ते ठरणार होते.

त्याच वर्षी मयुरी मंडळात आली. तिचे आईबाप, रामदास आणि पार्वती, परभणीकडून बांधकामावर आलेले. साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहायचे. मयुरीचे तोंड फटकळ, पण तिच्या हाताला झाडे लगेच ओळखायची. ती आल्यावर आठवड्याभरात मंडळाची खुरपी नाहीशी झाली. कोणी उघड काही बोलले नाही. पण "साइटवरच्या लोकांना लागतेच खुरपी" असे कोणीतरी पुटपुटले, आणि ते मयुरीच्या कानावर गेले. गायत्रीने रद्दी विकून आलेल्या पैशांतून एक भक्कम कुलूप आणले. जिन्याखालची खोली मंडळाची होती. त्या दिवसापासून तिला कुलूप लागले, आणि माझा तुरुंगवास सुरू झाला.

आधी तो रोजचा असे, संध्याकाळ ते सकाळ. पण वैशाख आला, सुटी लागली, आणि आखाजी तोंडावर आली.

मित्रांनो, आखाजी म्हणजे खानदेशचा मोठा सण. अक्षय्य तृतीयेला तिकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पूर्वजांच्या नावाने नवी मातीची घागर भरून पूजतात. सुरतेतला खानदेशी माणूस दिवाळीला एक वेळ थांबेल, आखाजीला थांबत नाही. मंडळातली सगळी मुले गावी निघाली. निघण्याआधी गायत्रीने सगळी कामे नेटाने उरकली. सुटीत येणारेजाणारे नळ उघडा टाकतात म्हणून तिने शाळेच्या नळाची मूठ काढून घेतली, पाणी वाया जायला नको म्हणून! ती मूठ कुठे ठेवली असेल? माझ्या पोटात. मग मला खिडकीच्या जाळीजवळ फळीवर ठेवले आणि कुलूप लावले.

मयुरी दाराशीच उभी होती. म्हणाली, "चावी मला दे की. म्या कुठं जानार हाय? आमच्या बापाचं काम चालूच हाय."

गायत्री घुटमळली. तिने बाकीच्यांकडे पाहिले. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. मग ती घरच्या बोलीत फणकारली, "चार दिनमा येसूच ना मी! चावी मनाजोडेच ऱ्हाई."

"खुरपीमुळंच ना?" मयुरीने विचारले.

चावी परकराच्या खिशात टाकून गायत्री गेली. चावीबरोबर बागेचे पाणीही असे खानदेशात गेले आणि मी पोटात नळाची मूठ घेऊन कुलपाआड राहिले.

चार दिवस गेले. गायत्री आली नाही. आखाजीतच तिच्या मोठ्या बहिणीचे लग्न जमले होते, तारीखही लगेचची धरली होती, हे मला फार उशिरा समजले. तेव्हा एवढेच कळत होते की कोणी येत नाही. पत्र्याच्या अंगाला वैशाखातली खोली म्हणजे काय, ते मी सांगायला नको. एक पाल माझ्या तोटीवर दुपारभर बसून राही, तीही धापा टाकत. जाळीतून मला बाग दिसायची. टोमॅटोने आधी माना टाकल्या. मग मोगऱ्याची पाने करपली. मी ओरडत होते, पण डब्याचे ओरडणे कोणाला ऐकू येते?

मयुरीला मात्र दिसत होते. भिंतीच्या पडक्या भागातून ती रोज आत यायची. बापाची पकड आणून तिने नळ फिरवून पाहिला. नुसता खुंट झिजला, थेंब आला नाही. मग वस्तीच्या नळावरून कळशी आणायची. तिथे रांग, घरचे पाणी आधी, आणि उरलेली कळशी झाडांना ओतली की बागेतली भरावाची माती घटाघट पिऊन तासाभरात पुन्हा भेगाळायची. एकदा तिची आई सोबत आली होती. मयुरी म्हणाली, "आये, कुलूपच फोडते."

पार्वतीने तिचा हात धरला. "खुळी हायस का? खुरपीला चोर म्हनले. कुलूप फोडलं तर आपल्याला इथं कोन ठिवून घेईल?"

मयुरी रडली नाही. दुसऱ्या दिवशी ती साइटवरची लांब तार घेऊन आली. तिचा आकडा करून तिने जाळीच्या एका फटीतून आत घातला. "ए झारे," ती हळूच म्हणाली, "जरा सरक की इकडं. तुझ्या पोटातली मूठ तेवढी दे."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळशीवाली खिडकीशी आणि मूठ माझ्या पोटात, मध्ये वीतभर अंतर! आकडा धोट्यात अडकला. मी सरकले. मला आठवते, जन्मात पहिल्यांदा मी कोणाकडे आपणहून निघाले होते. आणि फळीच्या कडेवर आल्यावर मी अशी कलंडले, की सरळ खाली आदळले. बुडाला मोठा पोचा पडला. नळाची मूठ बाहेर उडाली आणि गडगडत रद्दीच्या गोण्यांखाली गेली. मी भिंतीकडे तोंड करून पडले.

बराच वेळ मयुरी जाळीशी उभी होती. मग तिची पावले गेली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस. आता बागही दिसेना. समोर पोपडे आलेली भिंत आणि कानावर येईल तेवढेच जग. लूमची खटखटही सणामुळे मंदावली होती. एका दुपारी सरलाबाईंचा आवाज आला. गावी न गेलेल्या कामगारांना जेवायला घालायचे म्हणून त्या मागे राहिल्या होत्या.

"पोरी, उन्हमा काय करी राहिनी? चाल, जेवाले चाल."

"मावशी, तुमच्या मागल्या दारी जुन्या घागरी हायती ना? मला देता का?"

"पाझरतस त्या. दर आखाजीले नवी भरतस आम्ही, जुन्या मांगे पडेल शेतस. काय करशी त्यास्नं?"

"त्या पाझरत्यात तिथं बुडाखाली गवत कसं हिरवंगार हाय, बघितलं का? बाकी समदं वाळलंय."

सरलाबाई म्हणाल्या, "ली जाय बेटा. सगळ्या ली जाय."

गळक्या घागरी! मी भिंतीकडे तोंड करून मनातल्या मनात हसले, पण ते हसू कडू होते. माझ्यासारखी झारी इथे कोंडलेली आणि बाग शिंपणार कोण, तर माझ्या मागच्या दारच्या शेजारणी! मग कुदळीचे घाव ऐकू आले. धप्, धप्. मध्येच एकदा टण् असा आवाज झाला आणि मयुरी मोठ्याने काहीतरी बोलली, ते मला समजले नाही. मग पुन्हा धप्, धप्. ती मेलेली झाडे उपटून खड्डे करते आहे, असेच मला वाटले. पुढे तर आवाजही कमी झाले. दोन-तीन दिवसांनी एकदा पाणी ओतल्याचा आवाज यायचा, बाकी सामसूम. बाग गेली, मंडळ गेले, आता इथे सायकली लागणार आणि मी भंगारात जाणार, अशी मी मनाची तयारी केली.

शाळा उघडली त्या सकाळी कुलपात चावी फिरली. गायत्री धावत आत आली. तिच्या हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. तिने मला छातीशी उचलले, गोण्या बाजूला करून नळाची मूठ शोधली, आणि "अरे देवा, अरे देवा" म्हणत बागेकडे पळाली. बागेत हेडसर आणि टेप घेतलेला एक माणूस उभा होता.

गायत्री थबकली. मीही तिच्या हातात थबकले.

टोमॅटोच्या काड्या झाल्या होत्या. मोगराही गेला होता. पण वांगी उभी होती, दोन झाडांना जांभळी फुलेसुद्धा. कढीपत्ता होता. कोपऱ्यातल्या लिंबाला कोवळी पालवी होती. आणि झाडांच्या मधोमध, जमिनीबरोबर, घागरींची तोंडे दिसत होती. प्रत्येक तोंडावर ओली चिंधी बांधलेली. ओतलेले पाणी एका तासात पळून जात नव्हते. घागर ते थेंबाथेंबाने, आतल्या आत, मुळांना देत होती.

हेडसरांनी खाली वाकून माती चाचपली. "टोमॅटो गेले वाटतं," ते म्हणाले.

"गेले, सर," मयुरी म्हणाली. "घागरी उशिरा सुचल्या."

हेडसर उठले आणि टेपवाल्याला म्हणाले, "चला, सायकलींसाठी फाटकाजवळची जागा मोजू."

गायत्रीचे लक्ष तिकडे नव्हते. एका घागरीला टेकून खुरपी ठेवली होती. तीच ती हरवलेली. गायत्रीने हळूच विचारले, "ही कुठं सापडली?"

"खताच्या खड्ड्यात. लिंबाशेजारी. पाल्यासंगं आपनच पुरली व्हती." मयुरीने 'आपनच' म्हटले, 'तुमी' म्हटले नाही. ते गायत्रीला जास्त लागले असावे, कारण तिचे डोळे भरले. तिने खिशातून चावी काढून पुढे केली.

मयुरीने चावीकडे पाहिलेसुद्धा नाही. "चावी नगं मला," ती म्हणाली. "झारी दे."

मित्रांनो, महिनाभर कोंडलेल्या जिवाला याहून काय हवे असते? तिने नळाला मूठ बसवली, मला भरले, आणि वांग्यांची पाने धुऊन काढली. माझ्या पोच्यातून पाणी गळत होते, तरीही.

तो पोचा पुढे गंजला. वर्ष-दीड वर्षात बूड इतके गळू लागले की नळापासून बागेपर्यंत मी अर्धी रिकामी व्हायची. मुलांनी मला भंगारात द्यायचे ठरवले. त्याच आठवड्यात मयुरीच्या बापाचे इथले काम संपले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला, नवी साइट मिळाली होती, आणि बिऱ्हाड हलणार होते. सुटीत मागे राहणारी तीच, आणि तिलाच निघावे लागले. शेवटच्या दिवशी ती आली आणि मला उचलून म्हणाली, "गळकी हाय ना? मग बरंच हाय की." तिने आणि गायत्रीने मिळून लिंबापाशी खड्डा केला. गायत्रीने मला सरळ धरले, मयुरीने भोवती माती दाबली, तोंडाला चिंधी बांधली. दोघी बराच वेळ तिथेच बसून राहिल्या.

म्हणून मी अशी मातीत आहे, ज्यांना हसले त्या घागरींच्या रांगेत. अडकलेली तेव्हाही होते, आजही आहे. पण त्या खोलीत माझ्या पोटात पाणी सोडणारी मूठ होती आणि तिचा कोणाला उपयोग नव्हता. इथे पोटात पाणी आहे आणि ते लिंबाला पोहोचते. मला यात सुख वाटते, खरे सांगते.

वस्तू जपायच्या म्हणून कुलपात कोंडू नका रे. आणि कोंडल्याच, तर चावी देण्याआधी एवढे विचारा, "इथे मागे राहणार कोण?" जो राहणार, त्याच्या हाती द्या, मग तो नवा असो की जुना. गायत्रीने हा नियम मंडळाला लावून दिला. ती मोठ्या शाळेत गेली तरी आखाजीच्या आधी मुले आजही हे विचारतात, आणि कोणीतरी हात वर करतेच.

या वर्षी हात कोणी वर केला ते मला ठाऊक नाही. खालून दिसत नाही. पण जो कोणी असशील, ये. माझ्या तोंडावरची चिंधी बाजूला कर आणि कळशीभर पाणी ओत. लिंबाचे मी बघते.