किल्लेदाराच्या बायकोची खिडकी

"खिडकी आज बंद आहे," गाइडने ठोकून दिलं.

"बंद कशी असेल?" निवृत्त हेडमास्तरांनी माहितीपत्रकातून डोकं वर काढलं. सकाळपासून ते एकेक ठिकाण झालं की त्यावर पेन्सिलने खूण करत होते. "भिंतीतलं भोक ते. त्याला दार तरी आहे का?"

लोक हसले. गाइडही हसला, असल्या गोष्टी हसण्यावारी नेण्यात त्याचा हातखंडा होता. पण आज सदतीस प्रवाशांच्या मागून, कठडा धरून, एकेक पायरी चढत त्याची आई येत होती.

एकवीस वर्षं तो किनाऱ्याची ही एका दिवसाची सहल घडवत होता. जकातघर, जुनी गोदी, तोफखाना, किल्ला, शेवटी दीपगृह. रोज तीच बस, तेच विनोद, तोफखान्यापाशी ठरलेला हशा. एकवीस वर्षं काही ना काही सबबी सांगून त्याने आईला या बसपासून लांब ठेवलं होतं. ऊन फार, पायऱ्या फार, तुझे गुडघे बघ. आज नेमका एक प्रवासी आला नाही, आणि मुलाचा घरी विसरलेला चष्मा द्यायला स्टँडवर आलेली आई सरळ रिकाम्या सीटवर जाऊन बसली. वर ड्रायव्हरने तिला चढायला हात दिला. त्याचं काय जात होतं!

गोम अशी, की किल्लेदाराच्या बायकोची गोष्ट खरी नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी जांभया देणाऱ्या एका घोळक्यापुढे ती त्याच्या तोंडून निघून गेली. नवरा जहाजावर गेला तो परत आलाच नाही, आणि ही बाई रोज संध्याकाळी हातातलं काम टाकून या खिडकीत उभी राहायची. बायका मुसमुसून रडल्या. महिन्याभरात ऑफिसने गोष्ट माहितीपत्रकात छापली, दोन वर्षांनी भिंतीवर पाटी लागली. आता ती न सांगायची सोय उरली नव्हती. किल्लेदार होता की नव्हता कुणास ठाऊक, पण ती बाई होती. गाइडच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी खिडकीत उभी असायची. तो सात वर्षांचा असताना त्याचे वडील बोटीवर गेले ते गेलेच.

त्या बाईपायीच त्याने राजधानीतल्या वस्तुसंग्रहालयाची चालून आलेली नोकरी सोडली. ओल धरलेल्या दोन खोल्यांत राहायला तयार नसलेली मुलगीही सोडली. आईला त्या घरातून हलवायचं कसं? आणि आईचं तेच दुःख तो रोज परक्यांना दाखवून पोट भरत होता. हे तिने ऐकलं, तर तिला तोंड कसं दाखवायचं?

"छापलंय ते दाखवा," हेडमास्तर म्हणाले, "नाहीतर ऑफिसला पत्र लिहावं लागेल."

झालं. गोष्ट दोन वाक्यांत उरकायची असं त्याने ठरवलं होतं, पण जिभेला वळण पडलेलं. ती कुठे त्याचं ऐकते! चौकटीवर टेकवलेला हात आला, ओट्यावर गार झालेलं जेवण आलं. आईकडे बघायचं मात्र त्याने टाळलं.

"मग? तो आला का?" एका मुलीने विचारलं. हा प्रश्न कुणी ना कुणी रोज विचारायचंच.

"नाही. तिने शेवटपर्यंत वाट पाहिली."

लोक फोटो काढायला पांगले. आई दगडी कट्ट्यावर टेकली होती. तो तिच्यापुढे उकिडवा बसला.

"आई, चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं."

"छान सांगतोस की. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं." तिने गुडघा चोळला. "पण मी वाट नव्हते रे बघत."

"म्हणजे?"

"तुझा बाप पिऊन आला की काय करायचा ते तुला कुठलं आठवायला! तो येताना लांबूनच दिसावा, म्हणून उभी राहायचे. दिसला की तुला उचलायचं आणि मागच्या दाराने सुटायचं. कपड्यांची पिशवी भरलेली असायची."

"मग तेव्हाच का नाही गेलो आपण? मामा तर बोलावत होता."

"तूच ना! घर बदललं तर बाबांना सापडणार कसं, म्हणून हातपाय आपटलेस. तापाने फणफणलास. म्हटलं, पोराची आशा आपण कशाला मोडायची."

"अगं, पण मी मोठा झाल्यावर?"

"मोठा झालास तर त्या संग्रहालयाला नाही म्हणालास! मला वाटलं, अजून बापाची वाट बघतोय. मग कशी निघू मी?"

त्याला रडू आलं नाही, संताप आला. कुणावर काढायचा तेच कळेना. तिच्यावर काढावा, तर गुडघे चोळत बसलेली ती म्हातारी त्याच्या आशेपायी तीस-पस्तीस वर्षं त्या ओलीत राहिली होती. त्याला तर ती आशा कधी विझली तेसुद्धा आठवत नव्हतं.

खालून ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्याने आईचा हात धरला आणि तिला सावकाश खाली आणलं. बसच्या दाराशी ती मुलगी डोळे पुसत उभी होती.

"आजी, किती छान सांगतो हो तुमचा मुलगा!"

"हो ना," आई म्हणाली. "लहानपणापासून सांगतो."

त्याने डोकी मोजली. आईला धरून अडतीस. हेडमास्तरांनी किल्ल्यावर खूण केली. बस वळणाला लागली तसा तो माइक घेऊन उभा राहिला. इथे दीपगृहाची उंची सांगायची, मग बांधायला लागलेली वर्षं, मग एक विनोद. सगळं तोंडपाठ होतं, पण त्याची नजर खिडकीबाहेर गेली. लोक त्याच्या तोंडाकडे बघायला लागले.

"समुद्र बघा," तो एवढंच म्हणाला.

सदतीस माणसं डावीकडे वळून समुद्र बघू लागली. आई तेवढी वळली नाही. हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून ती स्वस्थ बसून राहिली.