सलोख्याचा तिसरा रविवार

बसच्या अठरा काचा फुटल्या, म्हणून नगरपालिकेने चोवीस रंगपेट्या मंजूर केल्या. गोऱ्या वस्तीने काळ्या वस्तीवर आणि काळ्या वस्तीने गोऱ्या वस्तीवर दगड फेकले होते. नेम दोघांचाही यथातथाच, त्यामुळे सगळा मार बसने खाल्ला. त्यावर उतारा म्हणून सभागृहात दर रविवारी चित्रं काढून मनं जुळवण्याचं शिबिर सुरू झालं.

काळ्या वस्तीतल्या रंगारीबुवांनी जन्मात कोणाला खडा मारला नव्हता. ते तिथे बसले होते ते नातीपायी.

त्यांच्या मुलाने गोऱ्या वस्तीतल्या गवंड्याची मुलगी केली. लग्नाच्या जेवणात गवंडी भर पाहुण्यांत म्हणाला, "नातवंड काळं निघालं तरी काळजी नाही. व्याही रंगारी आहेत, पांढऱ्याचे दोन हात मारतील!" पाहुणे पोट धरून हसले. रंगारीबुवांनी ग्लासातलं पाणी संपवलं, ग्लास खाली ठेवला आणि व्याह्यांशी बोलणं टाकलं. कारण मात्र घरात कोणालाच सांगितलं नाही. गवंड्यानेही मग तोंड फिरवलं. नातीच्या दुसऱ्या वाढदिवसाला दोघांनी एकमेकांकडे पाठ करून केक खाल्ला, तेव्हा सुनेचं डोकं फिरलं.

"आप्पा, बाबा, दोघंही ऐका. चार रविवार शिबिराला जायचं, तिथल्या ताईंची सही आणायची. तोवर नात कोणाच्याच घरी येणार नाही."

मुलगा नेहमीप्रमाणे तटस्थ राहिला, म्हणजे बायकोच्या बाजूने.

पहिल्या रविवारी शिबिराच्या ताई मऊ आवाजात म्हणाल्या, "आपल्या वेदनेला आकार द्या." रंगारीबुवांनी गुडघा काढला. दुसऱ्या रविवारी गवंड्याने एक चौकोन काढला. ताईंचे डोळे भरून आले. "आपल्यामधली भिंत ना?"

"छे हो. बाथरूमची. परवाच केली."

तिसऱ्या रविवारी ताईंनी जोड्या लावल्या. समोरच्याचा चेहरा रंगवायचा. व्याह्यांसमोर व्याही.

रंगारीबुवांनी चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना हव्या त्या छटा जुळवून दिल्या होत्या. त्यांनी पांढरा घेतला, चिमूटभर पिवळी माती, गेरू, टाचणीच्या टोकाएवढा काळा. पुठ्ठ्याच्या पट्टीवर एक फटकारा ओढला आणि पट्टी व्याह्यांच्या गालाला लावली.

"ताई, त्यांना म्हणावं, हलू नका."

आणखी गेरू लागला. आणखीही लागला. व्याह्यांचा गोरेपणा टोपीखाली चार बोटं काय तो शिल्लक होता; बाकीचा माणूस उन्हात भाजून विटेच्या वाटेला लागला होता. हे इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, याची बुवांना गंमत वाटली.

मग त्यांनी व्याह्यांच्या कागदाकडे पाहिलं. गवंड्याने काळ्याची अख्खी ट्यूब पिळली होती, वर पाणी ओतलं होतं आणि मसाला कालवावा तसं कालवून तो कागदावर थापत होता.

"हे काय आहे?" बुवा अबोला विसरले.

"तुम्ही."

"निव्वळ काळा? अहो, गटाराच्या झाकणालासुद्धा मी कधी निव्वळ काळा लावला नाही!"

"मग काय लावू?"

"आधी समोर बघा, मग लावा! लग्नातही तेच केलंत. न बघता बोललात. पांढऱ्याचे दोन हात मारायला माझी नात काय ओल आलेली भिंत आहे?"

सभागृहातले सगळे कुंचले थांबले.

"ती चेष्टा होती हो," गवंडी म्हणाला.

"तीन वर्षं हसायचा प्रयत्न करतोय. येत नाही."

"छान," ताई कुजबुजल्या, "येऊ द्या, भावना येऊ द्या..."

"तुम्ही गप्प बसा!" दोघं एकदम म्हणाले.

गवंड्याने कपाळ पुसलं. आता तिथेही काळा लागला. "मला वाटलं, जेवण आवडलं नाही म्हणून रुसलात. तोंडाने सांगायचं होतंत."

"हे सांगावं लागतं?"

"मला लागतं! ओळंबा सोडल्याशिवाय मला वाकडी भिंतही दिसत नाही!"

"मग गवंडी कशाला झालात?" बुवांनी मेजावर हात आपटला. मेज एका पायाने अधू होतं, ते सगळ्या रंगपाण्यासकट आडवं झालं.

ताईंचा नियम साधा होता: आवाज चढला की बाहेर. दोघांनाही बाहेर काढलं. सही राहिली.

बुवा पायरीवर बसले. आता सुनेला काय सांगायचं? नात शाळेत जायला लागेल, आपल्याला ओळखणारही नाही. तेवढ्यात व्याही शेजारी येऊन टेकले. सांडून उरलेल्या रंगांची थाळी आणि एक पट्टी त्यांनी आतून उचलून आणली होती.

"उजेडाकडे तोंड करा. आधी काय घ्यायचं?"

"गेरू. एवढा नाही! घराचा पाया भरताय का?"

गवंडी कालवायचा, पट्टी गालाशी धरायचा, पुसायचा, पुन्हा कालवायचा. पाचव्यांदा पट्टी धरून तो तशीच धरून राहिला.

"चुकलं माझं," तो गालाकडे बघत म्हणाला. "तेव्हा जे हसले, त्यांनाही सांगतो."

"दोनशे होते."

"सगळ्यांची घरं मीच बांधलीत. जाऊन सांगतो."

"मी येणार बरोबर. ऐकायला."

"या की."

सून नातीला कडेवर घेऊन फाटकातून आत आली. "सही?"

बुवा उभे राहिले. "हाकललं आम्हाला. माझ्यामुळे."

"यांच्यामुळे कसलं, माझ्यामुळे," गवंडी म्हणाला. "आणि तुम्ही मान वळवू नका हो, पट्टी सरकते!"

"किती वेळ धरू मान? गवंड्यांनी रंगात पडूच नये!"

सुनेने एकदा सासऱ्याकडे बघितलं, एकदा बापाकडे. मग नातीला पायरीवर उतरवलं.

"तासाभराने येते. हिला रंग खाऊ देऊ नका."

ती कोपऱ्यापर्यंतही पोचली नसेल, तोच नातीला आधी कोणी घ्यायचं यावरून दोघांचं पुन्हा वाजलं.