बांधीतला संत्रा

मामाजींनी मला संत्र्याच्या झाडांसाठी औषध विचारायला बोलावलं होतं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली भाची असताना दुकानदाराला कशाला विचारायचं, असं त्यांचं म्हणणं. फुलचूरहून निघताना मी भिंग आणि खुरपी घेतली.

दुधराम मामाजींची शेती चोरखमाऱ्याच्या नहरावर. चहूकडे धान आणि मधल्या एका बांधीत, बांध घातलेल्या खाचरात, संत्रा. पाच वर्षांपूर्वी त्यांनी तो लावला, तेव्हा खालच्या बांधीचे केशोराव गावभर सांगत फिरले की दुधराम आता बदकांसाठी संत्रा लावून राहिला. पण झाडं झपाट्यानं वाढली. पहिली फळं आली तेव्हा मामाजी पिशवी घेऊन आधी केशोरावांकडेच गेले. त्यांनी दोन संत्री खाल्ली आणि आंबट असल्याचं सांगितलं.

आता सप्टेंबर संपत आला होता. बांधीत घोट्याएवढं पाणी होतं. झाडांची पानं पिवळी पडली होती, बुंध्यातून डिंक वाहत होता. मी खुरपीनं माती उकरून बारीक मुळं वर काढली. चिमटीत धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आतला पांढरा दोरा तेवढा हातात राहायचा.

कोपऱ्यातली दोन झाडं मात्र हिरवीगार होती. त्यांची वाढ कमी म्हणून मामाजी ती उपटणार होते. माती तीच, पाणी तेच, मग असं का? उत्तर मामीकडून मिळालं. संत्र्याच्या रोपाची मुळं संत्र्याची नसतात. दुसऱ्या आंबट जातीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात, त्या खालच्या रोपाला खुंट म्हणतात. खुंटाला फुटलेली फांदी छाटायची असते. मामीनं ती काही झाडांवर सरबतासाठी राखली होती. आजारी झाडांच्या त्या फांद्यांवर खडबडीत पिवळी फळं होती, म्हणजे खुंट जंबेरी लिंबाचा. हिरव्या दोन झाडांवर लहान, नारिंगी, म्हणजे खुंट रंगपूर लिंबाचा. जंबेरीवरचं झाड जोमानं वाढतं, लवकर भरतं, पण तिला पाण्यात उभं राहणं सोसत नाही, मुळं सडतात. रंगपूर त्या मानानं तग धरतं. गाडीतून रोपं विकणाऱ्यानं दोन्ही मिसळून दिली होती. कोणती मुळं घेतली हे मामाजींनी विचारलं नव्हतं. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावताना मुळांचं कोण विचारतं?

वरून येणारं पाणी बंद करा, असं मी सांगितलं. मामाजी धुऱ्यावर, बांधावर बसले. नहराचं पाणी एका बांधीतून दुसरीत उतरत जातं. केशोरावांकडे ते याच बांधीतून जात होतं. कडेनं नाली काढून पाणी वळवायचं तर चिखलात ती टिकणार नव्हती. कापणीपर्यंत थांबावं लागणार होतं.

"केशोचं धान पोटरीत हाय," ते म्हणाले. "माझ्या झाडासाठी त्याचं धान कायले मारू?"

लोंबी बाहेर पडायच्या त्या दिवसांत धानाला पाणी लागतंच. रंगपूरची रोपं शेजारी लावून खोडाला जोडता येतात, ते मी करून पाहिलं असतं. पण त्यासाठी बुंध्याची साल जिवंत लागते. मी नखानं खरवडत एकेका झाडाभोवती फिरले. सगळीकडे तपकिरीच निघाली.

कापणी झाल्यावर मामाजींनी नाली काढली आणि बांधी कोरडी केली. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. बाग फुलली होती.

मी गेले तर वास रस्त्यापासूनच येत होता. पानं जवळजवळ नव्हती, नुसती फुलं. इतकी फुलं त्या झाडांनी कधीच धरली नव्हती. मरणारं झाड असंच फुलतं, हे मला ठाऊक होतं.

"नालीनं काम केलं, नाई?" मामाजी म्हणाले. "आता तं जगन."

मी त्यांना सांगितलं. फुलं तोडून टाकली तर उरलेल्या मुळांवर भार कमी पडेल, झाड फार तर आणखी एक पावसाळा काढेल, त्याहून जास्त मी काही सांगू शकत नाही. मामाजी म्हणाले, "तोडतो. पन आज नको. केशो पाहाले येऊन राहिला."

केशोराव आले. चप्पल धुऱ्यावर काढून बागेत शिरले, एका झाडापासून दुसऱ्याकडे गेले. थट्टा केली नाही. परत येऊन मला म्हणाले, "डॉक्टरीनबाई, मले बी लावाचा हाय. रोप कोनतं घेऊ?"

मी कोपऱ्यातली दोन झाडं दाखवली. रंगपूरच्या खुंटावरची घ्या, वाढीला हळू असतात पण पाण्यात टिकतात, असं सांगितलं. त्या दोन्हींवर फुलं तुरळकच होती. केशोरावांनी तिकडे बघितलं, मग पांढऱ्या झालेल्या रांगांकडे.

"हे काऊन घेऊ? मले दुधरामसारखाच पायजे."

मी मामाजींकडे पाहिलं. त्यांनी नजर दिली नाही.

"गाडीवाला येते पावसाच्या आधी," ते इतकंच म्हणाले. मग माझ्याकडे हात करून, "पन आधी रेणूले विचार."

केशोराव हसले. विचारायचं काय त्यात, डोळ्यांना दिसते ना, म्हणत ते चपला घालून उतरून गेले.

ते आपल्या बांधीपर्यंत पोहोचेस्तोवर मामाजी हलले नाहीत. मग त्यांनी हाताशी आलेली फांदी वाकवली आणि फुलं तोडायला सुरुवात केली.