तिसऱ्या बेसवरच्या खुणा

पहाटे पाचला डबे भरून झाले की मी खाली खदिजाकडे बेसबॉल बघायला जाते. अमेरिकेच्या त्या टोकाला तेव्हा संध्याकाळ असते आणि मॅच नुकतीच सुरू झालेली असते. माझ्या सुजीतची बायको दीप्ती एकदा म्हणाली, "आई, तुम्हाला त्यातलं काय कळतं?" मी म्हटलं, "सुजीतच्या ऑफिसातलं तुला जेवढं कळतं तेवढं." तिने पुन्हा विचारलं नाही.

खदिजा आमची घरमालकीण. इथे बहारीनमध्ये, झिंज भागातलं हे दोन मजली घर तिच्या नवऱ्याने बांधलं. खाली ती एकटी राहते, वर आम्ही भाड्याने. तिचा नवरा तेलाच्या कंपनीत अमेरिकन लोकांबरोबर कामाला होता. त्यांच्याकडून त्याने दोन नाद उचलले, बेसबॉल आणि जॅझच्या रेकॉर्डी. तो गेला आणि नाद बायकोकडे राहिले. माझा नवरा शामराव एसी मेकॅनिक. तो गेला तेव्हा माझ्याकडे पान्यांची पेटी राहिली. पान्यांच्या पेटीसमोर बसून किती वेळ जाणार? म्हणून मी खदिजाच्या नादांत वाटेकरी झाले. बोलणं आमचं हिंदीत. तिची हिंदी एका ठिकाणी मोडते, माझी दुसऱ्या.

बेसबॉल मला आवडतो कारण त्याला घड्याळ नाही. संपेल तेव्हा संपेल. आणि दहा वेळा बॅट फिरवून तीनदा लागली तरी त्या माणसाला मोठा म्हणतात. दहातल्या तीनच चपात्या गोल आल्या असत्या तर माझ्या सासूने मला परत माहेरी पाठवलं असतं. सगळ्यांत मला काय आवडतं, तर बॉल टाकणारा थकला की मॅनेजर स्वतः चालत मैदानात येतो, त्याच्या हातातला बॉल काढून घेतो आणि त्याला बसवतो. कोणी काही बोलत नाही. बायकांना असा मॅनेजर मिळत नाही.

रेकॉर्डींचं म्हणाल तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, यांचं अजून जुळवणंच चाललंय. मग लक्षात आलं, हे आमच्या वडिलांच्या गायन पार्टीसारखं आहे. एक ओळ धरतो, दुसरा ती मोडतो, बँजोवाला तिसरीकडेच जातो, आणि आता पडणार असं वाटताना सगळे एकाच जागी येऊन उभे राहतात. वडील म्हणायचे, पाठ केलेलं कोणीही वाजवेल. खदिजा मला त्यातला ट्रंपेट समजावून सांगायची. मी ऐकून घ्यायची. मला कोणी शिकवलेलं चालत नाही, पण ती घरमालकीण.

उन्हाळ्यात एका सकाळी मॅच लवकर आटोपली म्हणून तिने रेकॉर्ड लावली. थोड्या वेळाने सुई अडकली. ट्रंपेटचा तोच तुकडा, पुन्हा तोच. मी तिच्याकडे बघितलं, आता उठेल. ती डोळे मिटून गुडघ्यावर बोटांनी ताल धरून बसलेली. मी उठले आणि सुई उचलली. खोली गप्प झाली. खदिजाची बोटं गुडघ्यावर चाललीच होती.

मी समोर जाऊन बसले. तिने डोळे उघडले, माझ्या हाताकडे बघितलं, प्लेअरकडे बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"रमजानच्या आधीपासून," ती म्हणाली. "एक कान खलास. दुसरा थोडा थोडा."

"आणि ती कानाची मशीन? अमीरने आणलेली?"

"शिट्टी मारते. साखरेच्या डब्यात ठेवलीय."

अमीर तिचा मुलगा, ईसा टाउनला राहतो. दोन शुक्रवार तो दाराची बेल वाजवत उन्हात उभा राहिला होता. तिने सांगितलं बेल बिघडलीय. त्याने बेल बदलली. आता येत्या शुक्रवारी तो सोक्षमोक्ष लावायला येणार होता. आईला ऐकू येत नसेल तर एकटी ठेवणार नाही, सरळ आपल्या घरी नेणार आणि खालचा मजला भाड्याने देणार.

"तिकडे चांगलं आहे," खदिजा म्हणाली. "सून चांगली. मुलं चांगली. मला खोली देतील, खोलीत टीव्ही देतील. मग मी त्या खोलीत बसून मरेन."

तिला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशीही ती रडली नाही, पण चहात तीन वेळा साखर घातली. मी तसाच प्यायले.

"तू माझ्या ओठांवरून ओळखतेस, तसं त्याच्या ओठांवरून ओळख की."

"त्याची मिशी बघितलीस? त्याच्या बायकोलासुद्धा त्याचे ओठ दिसत नसतील."

उपाय बेसबॉलनेच दिला. तिसऱ्या बेसपाशी, म्हणजे पळून गाठायच्या तिसऱ्या टप्प्यापाशी, एक प्रशिक्षक उभा असतो. तो टोपीला हात लावतो, नाकाला लावतो, छाती चोळतो, आणि लांब उभ्या असलेल्या आपल्या खेळाडूला कळतं, पळायचं की थांबायचं. त्या खुणा ओळखायच्या पैजा आम्ही कित्येकदा लावल्या होत्या. आता आमच्या ठरवल्या. नाकाला हात म्हणजे हो म्हण. हनुवटीला हात म्हणजे नाही म्हण. पदर ओढला की तो विनोद करतोय, हस. बांगड्या मागे सारल्या की तो तुला हाक मारतोय. खदिजा म्हणाली, कानाला हात लावला तर? मी म्हटलं, कानाला हात लावायचाच नाही, बाई.

अरबी मला बोलता येत नाही, पण इथे बावीस वर्षं काढल्यावर घरातलं अरबी कळायला काय लागतं. आई मुलाला आणि मुलगा आईला सगळीकडे तेच बोलतात.

शुक्रवारी अमीर जेवायला आला. मी खदिजाच्या समोर बसले, तो बाजूला. तब्येत कशी, मी नाक खाजवलं. औषध चुकवलंस का, हनुवटी. शेजारच्या सदफच्या मांजरीने आपल्या दारात पाच पिल्लं दिली, आता मांजरीकडूनही भाडं घे, असं काहीतरी तो म्हणाला. मी पदर ओढला आणि खदिजा इतकी हसली की मलाच भीती वाटली. मग तो हात धुवायला स्वयंपाकघरात गेला आणि आतून हाक मारली, आवाज मुद्दाम खाली घेऊन. हा परीक्षा घेतोय, मला कळलं. मी बांगड्या मागे सारल्या.

"काय रे, टॉवेल दाराच्या मागे आहे," खदिजा आत न बघता म्हणाली.

तो बाहेर आला आणि दारात उभा राहिला. कितीतरी वेळ आमच्या दोघींकडे बघत होता. मग आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं, सगळं ठीक आहे म्हणाला आणि निघाला. खदिजाने माझ्याकडे बघून डोळे मिटले. मी वर जायला उठले. तो आल्यापासून डोळ्यांत तेल घालून बसले होते, मान आखडली होती, गुडघे बोलत होते.

अमीर जिन्याखाली चपला घालत होता.

"खाला," तो हिंदीत म्हणाला, "मी सहा वर्षांचा होतो तेव्हापासून बाबा मला त्याच खोलीत मॅच दाखवायचे. तिसऱ्या बेसवरचा माणूस नाकाला हात का लावतो, ते मला माहीत आहे."

मी कठड्याला धरून उभी राहिले. खोटं सापडलं की आपण आवाज चढवतो, पण तेवढी ताकद उरली नव्हती.

"मग आत का नाही बोललास?"

"चालतं का ते बघत होतो."

"आणि?"

"चालतं. पण सुजीत सांगत होता तुम्ही डिसेंबरमध्ये गावाला जाताय. तेव्हा नाकाला हात कोण लावणार?"

मी तिथेच पायरीवर बसले. ते तिकीट मी सुजीतकडून भांडून काढून घेतलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा. गावाला जाऊन मी कोणाचं लग्न लावणार नव्हते, जमीन बघणार नव्हते. भावाच्या घरी झोपणार होते, जोपर्यंत कोणी उठवत नाही तोपर्यंत. आणि हा उभा राहून वाट बघत होता, मी म्हणेन, जाऊ दे, नाही जात. सगळ्यांना सवय आहे माझ्या तोंडून ते ऐकायची. मलाही.

"मी जाणार," मी म्हटलं. "तिला तू न्यायचं नाहीस. तू इथे येऊन राहायचं. तुझ्या बापाने बांधलेलं घर आहे, तुला झोपायला जागा मिळेल."

"मी? बायको, मुलं, ड्युटी..."

"मलाही सून आहे, नात आहे, चार डबे आहेत. रोज खाली येते की नाही?"

त्याने मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "इंशाल्ला, बघू."

"इंशाल्ला तर आहेच. येण्याची तारीख पण बोल."

त्याने खिशातून फोन काढला. माझी जायची तारीख विचारली. मी सांगितली, आणि आदल्या दिवशीच ये म्हटलं. स्वयंपाकघरातला गॅसचा नळ उलटा फिरतो, दूध उतू गेल्याचं तिला ऐकू येत नाही, रात्री दाराला आतून साखळी लावली की बाहेरचा माणूस बाहेरच. सगळं उभं राहून दाखवावं लागेल. तो एकेक फोनमध्ये लिहीत होता, शाळेतल्या मुलासारखा, आणि मी सांगत होते, पायरीवरून न उठता.