शैलजाबाईंच्या वाटणीचा बन

नचिकेत दोन वर्षं स्टॉकहोमला काय राहून आला, जणू स्वीडनच्या राजानं त्याला दत्तकच घेतलं! आता नोकरी टोकियोत, घर शेजारच्या ग्योतोकुत, तेही दोन खोल्यांचं. पण फेब्रुवारी उजाडला की साहेबांना सेम्ला आठवायचा. सेम्ला म्हणजे काय, तर गोल बन. त्याची टोपी कापायची, आत बदामाचा लगदा भरायचा, वर मलईचा ढीग, टोपी परत ठेवायची आणि पिठीसाखर भुरभुरायची. मैद्यात वेलची, आत बदाम, वर मलई, यात स्वीडनचं काय बाई, असं त्याच्या आईच्या, शैलजाबाईंच्या, अगदी ओठांवर आलं होतं. पण मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या आईनं किती बोलावं याचे नियम असतात.

"रविवारी मोरिता-सान येणारेत, माझे मॅनेजर. त्यांच्यासाठी सेम्ला करायचेत," नचिकेत म्हणाला. "आई, तू फक्त बदाम सोल."

हा 'फक्त' घरातल्या पुरुषांना कोण शिकवतं देव जाणे! अर्धा किलो बदाम गरम पाण्यात भिजवून एकेक सोलताना शैलजाबाईंची बोटं पार सुरकुतली. खलबत्ता नव्हता, म्हणून वेलची लाटण्यानं कुटली, तीही खाली टॉवेल घालून, कारण खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात. सून मिताली दार लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये. मग बन भाजले गेले आणि काय वास सुटला म्हणता! अडुसष्टाव्या वर्षी शैलजाबाईंना अगदी लहान पोरीसारखा एक बन खावासा वाटला. एकच, पण अख्खा.

"आई, तुझी शुगर!" नचिकेतनं ताट उचललंसुद्धा.

शुगर कसली, मेली काठावरची! कधीमधी खा आणि भरपूर चाला, असं पुण्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण आईची तब्येत या मुलाला नेमकी गोडाच्या वेळी आठवायची. दोन्ही वेळच्या पोळ्या लाटताना तिचे गुडघे कसे कुरकुरतात ते त्याच्या कानावर कधी गेलं नव्हतं.

रविवारी मोरिता-सान आले. दारात बूट काढून नीट वळवून ठेवले, वाकले, बसले. नचिकेतनं इंग्रजीत प्रवचन लावलं. इस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवास असतो, तो या बुधवारी सुरू होतो, म्हणून आदल्या मंगळवारी हे बन पोटभर खायचे. हल्ली उपवास फारसं कुणी करत नाही, बन मात्र सगळे खातात. आपली गटारीच की ही, शैलजाबाई मनात म्हणाल्या. तेवढ्यात बशा आल्या. तिघांच्या बशीत बन, यांच्या बशीत काकडी.

मोरिता-साननी बनला हात लावला नाही. काकडीकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "मदर?"

आता सरळ सांगावं ना, की आम्ही तिला देत नाही म्हणून! छे. "मदर इज फास्टिंग," नचिकेत म्हणाला. "व्हेरी रिलिजस."

शैलजाबाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांना इंग्रजी कळत नाही, हा समज फक्त त्यांच्याच घरात होता. त्यांचं डोकं असं सणकलं! सकाळी दोन बशा पोहे खाल्लेल्या बाईला हा उपवासाला बसवतो? आणि तिकडे मोरिता-सान भक्तिभावानं त्यांच्यापुढे वाकलेले.

"सर," शैलजाबाई ताठ बसून म्हणाल्या, "फास्ट स्टार्ट्स वेन्सडे. फर्स्ट बन, देन फास्ट. माय सन ओन्ली टोल्ड. दीज टू, नो फास्ट. ओन्ली मी."

मोरिता-सान क्षणभर विचारात पडले, मग मान डोलावली. बरोबरच होतं! त्यांनी आपली बशी दोन्ही हातांनी उचलली आणि शैलजाबाईंपुढे धरली.

"अगं आई..." नचिकेत कसाबसा हसला. पण साहेबांनी दोन्ही हातांनी दिलेली वस्तू परत मागायची त्याची काय टाप! निमूटपणे त्यानं स्वतःचा बन साहेबांना दिला आणि काकडी जवळ ओढली.

शैलजाबाईंनी घाई केली नाही. टोपी मलईत बुडवून खाल्ली, मग बदाम, मग बाकीचा बन. काय सुख होतं! स्वतः सोललेले बदाम आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याच तोंडात गेले होते.

पाहुणे गेल्यावर नचिकेत फणफणला, "साहेबांसमोर खोटं कशाला बोललीस?"

"खोटं कसलं? उपवास काय मी काढला? तूच सांगितलास, आता मी तो करणार. बुधवारपासून चाळीस दिवस भगर आणि साबुदाणा, माझ्यापुरता. उपवासाच्या बाईनं दुसऱ्यांच्या पोळीभाजीला हात लावायचा नसतो."

"पण आई, आपल्यात असं कुठे असतं?" मिताली कळवळून म्हणाली.

"स्वीडनमध्ये असतं," शैलजाबाई बोट चाटत म्हणाल्या. "नचिकेतला विचार."